गरम झाली की बंद, निवली की चालू: कार्बोरेटरच्या गाडीचा उन्हाळी आजार कसा शोधायचा

सकाळी अर्ध्या सेल्फला उठते. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर काही तक्रार नाही. मग रेल्वे फाटकात दहा मिनिटं थांबलात, किंवा उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या गिअरात रखडलात, की गाडी गचके द्यायला लागते, पिकअप सोडते आणि कडेला जाऊन मरते. अर्धा तास लिंबाखाली उभी केली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल अँबॅसडर, कार्बोरेटरवाली (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळायला इंजेक्शनऐवजी कार्बोरेटर असलेली) मारुती ८०० यांपैकी काहीही रोज वापरत असाल, तर मार्च ते जून हा प्रसंग ठरलेला. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो, आणि ही इंजिनं काही त्या हिशोबानं बनवलेली नव्हती.

सगळ्या गाड्या एकसारख्याच बंद पडल्यासारख्या वाटतात, पण बंद पडण्याची तऱ्हा वेगवेगळी असते. आधी ती ओळखा.

लक्षणं

गचके देत, हळूहळू ताकद सोडत, ॲक्सिलरेटर दाबला की आणखी दबत बंद पडली, तर पेट्रोल पोचत नाही. थांबून पुन्हा निघाल्यावर दोन-तीनशे मीटरवर मेली, तर हेच पक्कं समजा. तेवढं अंतर कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर निघतं.

चालता चालता कुणी चावी फिरवल्यासारखी एकदम बंद पडली, किंवा बंद पडताना सायलेन्सरमध्ये फटाका वाजला, तर करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा दोष. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट नाहीतर एखादी ढिली वायर.

चहाला थांबलात, परत येऊन सेल्फ मारला, सेल्फ जोरात फिरतो पण गाडी उठत नाही आणि बॉनेटमधून पेट्रोलचा वास येतो, तर पेट्रोल कमी नाही, जास्त झालंय. वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडलंय.

टेंपरेचरचा काटा वर, रेडिएटरमध्ये गुडगुड, खाली पाण्याचा ओघळ, चढाला इंजिनातून खडखड. हा पाण्याचा प्रश्न.

सेल्फच जड फिरतो किंवा नुसता ‘कट’ वाजून थांबतो, तर ती बॅटरीची टर्मिनलं, इंजिनची अर्थिंगची पट्टी किंवा सेल्फ. त्याचा या लेखाशी संबंध नाही, पण सुरुवात टर्मिनलं घासून आणि अर्थिंगची पट्टी आवळूनच करा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

निववायच्या आधी दोन मिनिटं

इथंच बहुतेक जण चुकतात. गाडी बंद पडली की आधी इंजिनला लागून असलेल्या पेट्रोलच्या पंपावर पाण्याची बाटली ओतायची, गाडी चालू झाली की घर गाठायचं. दुसऱ्या दिवशी फिटरकडे गाडी थंड जाते, त्याला काहीच सापडत नाही, मग अंदाजानं भाग बदलणं सुरू होतं: आज पंप, पुढच्या आठवड्यात कॉइल, मग कार्बोरेटरचं किट. दोष गरमीतच दिसतो. म्हणून गाडी गरम आणि बंद असताना दोनच गोष्टी बघायच्या: करंट येतो का, आणि पेट्रोल येतं का.

करंटसाठी डिकीत एक जुना चांगला प्लग ठेवा. इंजिनच्या एका प्लगची वायर काढून या प्लगला लावा, प्लगची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर कोरड्या फडक्यानं किंवा रबरी मुठीच्या पकडीनं धरा. निळी, तडतडणारी ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळट, बारीक, मधेच गायब होणारी ठिणगी म्हणजे दोष तिथंच. हे कार्बोरेटरपासून लांब करा, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर करूच नका.

पेट्रोलसाठी एअर फिल्टरचं झाकण काढा आणि इंजिन बंद असताना ॲक्सिलरेटरची तार हातानं ओढा. ॲक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये आत बारीक पिचकारी उडते. उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. नुसती फुसफुस झाली किंवा काहीच आलं नाही, तर वाटी रिकामी. पारदर्शक फिल्टर बसवलेला असेल तर सेल्फ मारताना त्यात बुडबुडे धावताना दिसतात का, तेही बघा.

एवढं कळल्यावर ओलं फडकं पेट्रोल पंपावर आणि त्याच्या धातूच्या नळीवर टाका. पाणी डेल्कोवर (प्लगांना करंट वाटणाऱ्या डबीवर) जाऊ देऊ नका, नाहीतर एका रोगाचे दोन होतील. तीन-चार मिनिटांत गाडी उठली तर एअर लॉक, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन वाट अडलेली, ठरलं. फडक्यानं काहीच फरक पडला नाही आणि करंटही नाही, तर पेट्रोलच्या मागे लागू नका.

पेट्रोल जास्त झालेल्या गाडीला वेगळा उपाय: ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. हवा जास्त जाऊन सांडलेलं पेट्रोल निघून जातं.

फुकटच्या तपासण्या

टाकीचं झाकण. गाडी गचके द्यायला लागली की लगेच थांबून झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं श्वासाचं भोक धुळीनं बुजलंय. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत हवा शिरायला हवी, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येत नाही. हा दोष उन्हाळा-हिवाळा बघत नाही. भोक सुईनं मोकळं करा. बाजारातलं कुठलंही झाकण बसवू नका, काही झाकणांना भोकच नसतं.

चोक. बटण आत ढकललं तरी तार अडकून चोक अर्धवट ओढलेला राहू शकतो. फिल्टर काढलेलाच आहे, तर चोक कार्बोरेटरपाशी पूर्ण परत जातो का ते डोळ्यांनी बघा.

पंख्याचा पट्टा. लांब बाजूच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबायला हवा. पद्मिनी-अँबॅसडरसारख्या गाड्यांत बहुधा पंखा आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा घसरला की वारा आणि पाणी दोन्ही एकदमच मंदावतात, आणि तेही संथ चालीत, जिथं त्यांची सगळ्यात जास्त गरज असते.

रेडिएटरची जाळी. समोरून बघितली तर स्वच्छ दिसते. टॉर्चनं मागून प्रकाश पाडा आणि पुढून बघा, किती भोकांतून उजेड येतो ते कळेल. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारी रुई जाळीत बसते, तिच्यावर धूळ, त्यावर किडे, आणि सगळ्याचा मिळून नमदा होतो. पाणी नेहमी इंजिनच्या बाजूनं पुढे मारा. पुढून मारलं तर कचरा आणखी आत ठासला जातो. सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप जवळून मारू नका, पात्या आडव्या पडतात.

पेट्रोलची वाट: इथं वेळ घालवा

या आजाराचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं. मेकॅनिकल पंप इंजिनच्या अंगाला चिकटलेला असतो आणि टाकी मागे. म्हणजे पंप पेट्रोल ढकलत नाही, पार मागून ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल आणखी कमी उष्णतेला वाफ धरतं. त्यात इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पेट्रोलची धार थांबते, आणि ब्लॉकची सगळी ऊब पुढची दहा-पंधरा मिनिटं पंपात आणि कार्बोरेटरमध्ये चढत राहते. म्हणून गाडी धावताना नाही, थांबल्यावर रुसते.

आता पंपांवर ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं.  इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं असलं तरी जुन्या गाडीला ते तीन ठिकाणी नडतं: जुनं रबर फुगवून भुसभुशीत करतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा कीट सोडवून फिल्टरमध्ये आणतं, आणि कार्बोरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोलच्या बारीक भोकावर) मिश्रण थोडं लीन, म्हणजे हवा जास्त असलेलं करतं, त्यामुळे इंजिन जास्त तापतं.

तपासणीचा क्रम असा ठेवा.

आधी फिल्टर. तो सगळ्यात स्वस्त, शिवाय त्याचा रंग टाकीची खबर देतो. तांबूस गाळ आला तर टाकी गंजलीय, आणि ती उतरवून धुतल्याशिवाय पुढची मेहनत वाया. बुजलेला फिल्टर म्हणजे पंपाला जास्त ओढावं लागणं, म्हणजे वाफ लवकर.

मग रबरी नळ्या, आणि खास करून टाकीजवळचा छोटा तुकडा. तो कुणी बघत नाही, कारण तो गळत नाही. ओढणाऱ्या नळीला चीर पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी दुमडून बघा: बाहेरून बरी दिसणारी नळी दुमडल्यावर बारीक रेघा दाखवते, आणि कापली तर आतला थर काळ्या शाईसारखा बोटाला लागतो. बदलायचीच तर सगळे तुकडे एकदम बदला. जुना तुकडा दुकानात नेऊन त्याच मापाची, इथेनॉल चालणारी इंधनाची नळी मागा. पाण्याची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी स्वस्त मिळते, पण उन्हात ती आधी कडक होते, मग क्लिपपाशी फाटते, तीही गरम सायलेन्सरच्या वर.

नळीचा मार्ग. कुठल्या तरी दुरुस्तीत धातूची नळी वाकवून सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून नेलेली असते. मॅनिफोल्डपासून निदान चार बोटं लांब घ्या आणि त्या टप्प्यावर उष्णता अडवणारी बाही चढवा. नळीला लाकडी चिमटे लावायची जुनी युक्ती थोडीफार गुण देते, पण तो इलाज नाही. मार्ग बदलणं हा इलाज.

इन्सुलेटर. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये, तसंच कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये काळ्या बेकेलाइटचा जाड तुकडा असतो. कधी तरी तुटला म्हणून कुणी तो फेकून दिलेला असतो आणि त्या जागी नुसता कागदी गॅस्केट सापडतो. दोन्ही तुकडे जागेवर हवेतच. पण पंपाखाली ‘आणखी थंड राहील’ म्हणून दोन-तीन जादा गॅस्केट रचू नका. पंप जितका बाहेर सरकेल तितका कॅमचा धक्का त्याला कमी पोचेल आणि पंप कमी पेट्रोल देईल. मूळ जाडी राखा.

शेवटी पंप. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि सेल्फ मारा. प्रत्येक फेऱ्याला ठोस पिचकारी यायला हवी. लुळी धार आली तर डायफ्राम (पंपातला पडदा) किंवा आतले व्हॉल्व्ह गेलेत. त्याच वेळी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल ऑइलमध्ये जातंय. ती गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि ते काम पंपाच्या कित्येक पट महाग पडतं. पंप आणि ऑइल दोन्ही बदलूनच गाडी बाहेर काढा.

इलेक्ट्रिक पंपाचा सल्ला हमखास मिळतो. तो टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवला तर खरंच उपयोगी, कारण मग पेट्रोल ढकललं जातं. कार्बोरेटरच्या गाडीला साधारण अडीच-साडेतीन पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप जोडला तर वाटीतली सुई तो दाब पेलत नाही आणि पेट्रोल सांडतं. इंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल अशी रिलेची जोडणी हवीच, नाहीतर अपघातात तो पेट्रोल ओतत राहील. हे काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनचं, घरी करायचं नाही.

करंटची बाजू

कंडेन्सर आधी बदला, कारण यातला सगळ्यात स्वस्त भाग तोच, आणि गरम झाल्यावर दगा देणं हा त्याचा स्वभावच. पॉइंट उघडताना जोरात निळसर ठिणगी उडत असेल, पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड आलं असेल, तर कंडेन्सर गेलाय. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर, नेमका आकडा तुमच्या डेल्कोच्या बनावटीप्रमाणे मॅन्युअलमधून घ्या. फट मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या अगदी टोकावर हवी.

कॉइल. गरम कॉइलला हात लावता येतो, पण चटका बसून हात मागे घ्यावा लागत असेल तर काही तरी बिघडलंय. थंड असताना मीटरनं दोन बारीक टर्मिनलांमध्ये मोजा: बॅलास्ट (करंट आवरणारा वेगळा रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्टच्या साध्या कॉइलला सुमारे ३ ओहम येतात. दीडच्या आसपास आले तर बॅलास्टची कॉइल चुकून थेट जोडली गेलीय. ती जास्त करंट खाते, तापते आणि पॉइंटही जाळते. हाच मीटर गाडी बंद पडल्यावर, कॉइल गरम असताना पुन्हा लावा. थोडा आकडा वाढणं ठीक, आकडा नाचायला लागला किंवा मीटर सर्किट तुटल्याचं दाखवायला लागला तर कॉइल बदला. इंजिन बंद ठेवून चावी चालू ठेवायची सवय सोडा. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल नुसतीच शिजत राहते.

प्लगच्या वायरी एका वेळी एकच काढा. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे. सगळ्या एकदम काढल्या तर तो आठवत बसावं लागेल.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडलेलं असेल तर इंजिन उगाचच तापतं. ते मात्र टायमिंग लाइट असलेल्या माणसाकडून करून घ्या. कानानं लावलेलं टायमिंग थंड्या सकाळी गोड वाटतं.

पाणी

मराठवाड्यात रेडिएटरचा मोठा शत्रू बोअरचं पाणी. त्यातला क्षार, ज्याला घरात आपण हंड्याच्या तळाशी पांढरा थर म्हणून ओळखतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या पोकळीत चढतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. टॉप-अप करायला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा. पाच लिटरचा कॅन कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतो. त्यात कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात कूलंट घाला. निम्मं-निम्मं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि गंजही रोखतं.

रेडिएटरचं झाकण फार दुर्लक्षित. त्याच्या स्प्रिंगचा दाबच पाण्याचा उत्कलनबिंदू वर ठेवतो, दर पीएसआयमागे साधारण दीड अंश. रबर वायसर चिरलेला असेल तर झाकण बदला आणि जुन्यावर छापलेलाच आकडा घ्या. जास्त दाबाचं झाकण जुन्या रेडिएटरचे डाग (झाळलेले सांधे) उकलतं. आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही.

पाणी तांबडं किंवा गढूळ असेल तर काढून धुवा. बाथरूमचं ॲसिड टाकायची पद्धत काही गॅरेजांत आहे. ते पितळेचे डाग आणि पद्मिनीचा ॲल्युमिनियमचा हेड दोन्ही खातं. रेडिएटरसाठी मिळणारं फ्लश वापरा. त्यानंही जाळीचा काही भाग थंडच राहत असेल, तर आतल्या नळ्या बुजल्यात आणि रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून सळई मारून घ्यावी लागेल.

थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकलेला आढळला तर नवा बसवा. पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन तपासता येतो: त्याच्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. थर्मोस्टॅट अडकला म्हणून काढणं हा रस्त्यावरचा तात्पुरता उपाय. ज्या इंजिनात तोच बायपासची वाट बंद करतो, तिथं तो नसला की निम्मं पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं.

इथं थांबा, मिस्त्रीकडे न्या

काटा लाल पट्टीत गेला की थांबा. घाट असेल तरी थांबा. चाळीसगावहून कन्नडकडे चढताना ‘वरपर्यंत जाऊ’ म्हणून दामटलेल्या गाडीचा हेड वाकतो. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतलं तर तो तडकतोही.

रेडिएटर थंड असताना झाकण उघडून गाडी चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, पाणी कुठंही न गळता कमी होत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर हटत नसेल, किंवा ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल, तर हेड गॅस्केट गेलाय. कॉम्प्रेशन मोजून घ्या. त्यात पाणी भरत गाडी रेटू नका.

पेट्रोल कुठंही थेंबानं गळत असेल तर चावी काढा, गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा. वायर जळाल्याचा वास आला तर बॅटरीची एक वायर सोडवून ठेवा आणि इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

वरचं सगळं करून, गरम असताना करंट आणि पेट्रोल दोन्ही नीट येताना दिसूनही गाडी बंद पडत असेल, तर भाग बदलणं थांबवा. डेल्कोचा खिळखिळा शाफ्ट, सैल झालेले व्हॉल्व्ह, मॅनिफोल्डची हवा: हे कार्बोरेटरवर हात बसलेल्या मिस्त्रीचं काम. असे मिस्त्री आता कमी राहिलेत; फोन नंबर जपून ठेवा.

रोजच्या वापरासाठी अजून घ्यायचीच असेल तर

इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाखाली ढकललं जातं, त्यामुळे एअर लॉकचा हा त्रास त्यांना क्वचितच होतो. रोज जालना–छत्रपती संभाजीनगर करायचं असेल आणि हौसेपेक्षा वेळेवर पोचणं महत्त्वाचं असेल, तर इंजेक्शनची मारुती ८०० घ्या. तिचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. पद्मिनीच घ्यायची तर भाग मागवून घ्यायची तयारी ठेवा.

गाडी बघायला भर दुपारी जा. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. ते गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच कुणी तरी ती उठवून ठेवलीय, आणि थंड स्टार्ट तुम्हाला दिसणार नाही. एक तास चालवा, त्यात निदान एखादा चढ घ्या. मग पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा, काट्याकडे बघत. नंतर बंद करून दहा मिनिटं तशीच सोडा, बॉनेट न उघडता. पुन्हा चालू करा आणि एक किलोमीटर न थांबता चालवा. या एका किलोमीटरमध्ये गचका आला तर वरची पेट्रोलची यादी हातात घ्या आणि किंमत त्या हिशोबानं बोला. गाडी १५ वर्षांपुढची असेल तर आरसीचं नूतनीकरण झालंय का आणि पाच वर्षांची मुदत कधी संपतेय, तेही तिथंच बघून घ्या.

डिकीत ठेवायचं सामान थोडकं आहे: कंडेन्सर, घासलेला पॉइंट सेट, चाचणीचा प्लग, पंख्याचा पट्टा, हातभर इंधनाची नळी, चार क्लिपा, फिल्टर, दोन लिटर डिस्टिल्ड पाणी, आणि एक जाड सुती फडकं.